सहा कोडांत न मावणारा आजार

१

गौलीगुड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात चाळीस वर्षांत अंडं शिरलं नव्हतं. त्यामुळे शुक्रवारी सकाळी सुशीलाबाईंच्या खुरप्याला कढीपत्त्याच्या कुंडीतून अंड्याचं अर्धं टरफल लागून आलं, तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. ओरडण्यापलीकडचं काही झालं की त्या गप्प होत. त्यांनी टरफल कागदावर घेतलं, कागद गॅलरीच्या कठड्यावर ठेवला, हात तीनदा धुतले आणि सुनेला हाक मारली.

"रेणू, हे काय हाय?"

रेणू डबा भरत होती. बाहेर येऊन तिनं पाहिलं. या घरात अंडं खाणारी ती एकटी. कुकटपल्लीला माहेरी रविवारचं ऑम्लेट ठरलेलं असे. लग्नानंतर ते ऑफिसच्या कॅन्टीनपुरतं उरलं होतं. सासूबाईंना ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्यांनी कधी विषय काढला नव्हता.

"मी नाही आणलं, आई."

"मी कुठं म्हणायले तू आणलं?" सुशीलाबाई म्हणाल्या. पण त्यांची नजर सुनेच्या तोंडावरून हलली नाही.

एरवी हे भांडण अर्ध्या दिवसात मिटलं असतं. पण या घराला आधीच भीतीनं ग्रासलं होतं. नामदेवरावांच्या, म्हणजे रेणूच्या सासऱ्यांच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दीड वर्ष आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे फार दिवस चालणार नाही. सुशीलाबाईंना साखरेचा आजार, त्यामुळे नवऱ्याला बसवायला त्यांची किडनी चालत नव्हती. जुळली ती एकुलत्या एका मुलाची, विक्रमची. पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलं होतं. आणि ऐन वेळी विक्रमच्याच लघवीत प्रोटीन दिसायला लागलं. ज्याची स्वतःची किडनी गळते आहे, त्याची काढून दुसऱ्याला देणार कशी?

रेणू खोलीत जाऊन दार लावते तोच फोन वाजला. हॉस्पिटलमधून ऑपरेशनची सगळी जुळवाजुळव बघणारी, प्रत्येक नावाला तेलुगूतलं आदराचं 'गारू' जोडणारी भाग्यलक्ष्मी बोलत होती.

"रेणूगारू, तिसरा रिपोर्टही तसाच आहे. प्रोटीन भरपूर." ती थांबली. "पण किडनी गळली की जे अल्ब्युमिन दिसतं, ते जवळजवळ नाहीच. सरांनी लिहिलंय, बेन्स जोन्स आहे का ते बघा. सोमवारी सकाळी विक्रमगारूंना घेऊन या. कमरेच्या हाडातली मज्जा सुईनं काढून तपासायचीय."

रेणू पलंगावर बसली. बेन्स जोन्स म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२

ती मेडिकल कोडर होती. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटला तपासून जे लिहितात, ते कुकटपल्लीतल्या एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर बसून वाचायचं आणि प्रत्येक आजाराला यादीतला त्याचा कोड लावायचा, हे तिचं आठ वर्षांचं काम. तिच्या वाट्याला किडनीचे कागद येत. लघवीतल्या जास्तीच्या प्रोटीनचा धडा 'आर ८०' असा सुरू होतो आणि त्यात सहा कोड आहेत. ते तिला पाढ्यासारखे पाठ होते. नुसतंच प्रोटीन, बाकी काही नाही, तर शून्य. सतत दिसणारं असेल तर एक. माणूस उभा असला की दिसणारं आणि झोपला की जाणारं असेल तर दोन. बेन्स जोन्स तीन. इतर काही असेल तर आठ, आणि डॉक्टरांनी नुसतं 'प्रोटीन' लिहून हात झटकले तर नऊ.

यातल्या तीन नंबरला त्यांच्या टीममध्ये कुणी हसून हात लावत नसे. ते अल्ब्युमिन नसलेलं प्रोटीन, आणि त्याच्या मागे बहुतेक वेळा रक्ताचा कॅन्सर उभा असतो.

विक्रम चौतीस वर्षांचा होता.

रेणू ऑफिसला गेली ती केवळ घरात थांबवेना म्हणून. स्क्रीनवर कुणा परक्या म्हाताऱ्याचा कागद होता. 'संशय' आणि 'खात्री करा' असे शब्द डॉक्टरांनी लिहिले असतील तर त्यांना कोड लावायचा नाही, हा तिच्या कामातला पहिला नियम. संशय म्हणजे आजार नव्हे. हे वाक्य तिनं नव्या मुलींना शंभरदा शिकवलं होतं. आज ते ती स्वतःलाच म्हणत होती.

जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढून तिनं विक्रमचे तिन्ही रिपोर्ट ओळीनं उघडले. घाबरलेल्या बायकोच्या नजरेनं ते कित्येकदा वाचून झाले होते. आता ते कोडरच्या नजरेनं वाचायचे, असं तिनं ठरवलं.

पहिली बाटली घरची, बुधवारची, पहाटेची पहिली लघवी. प्रोटीन भरपूर.

दुसरी हॉस्पिटलमध्ये दिलेली, शनिवारी दुपारी. प्रोटीन शून्य. लॅबनं त्यावर 'पुन्हा तपासा' असा शेरा मारला होता.

तिसरी पुन्हा घरची, पुढच्या बुधवारची, पहाटेची. प्रोटीन भरपूर, अल्ब्युमिन नाही.

तिनं वेळा पुन्हा पाहिल्या. उभं राहिल्यावर दिसणारा जो दोन नंबरचा आजार, त्यात पहाटेची लघवी स्वच्छ असते आणि दुपारची खराब. इथं नेमकं उलट होतं. आणि तीन नंबर तर घड्याळ बघत नाही. कॅन्सर दुपारी सुट्टीवर जात नाही. साही कोड तिनं लावून पाहिले, एकही बसेना.

मग कोणता आजार घरी दिसतो आणि हॉस्पिटलात नाहीसा होतो?

असा आजार शरीराला होत नाही. घराला होतो. आणि तेव्हा तिला कठड्यावरच्या कागदातलं ते टरफल आठवलं.

३

लॅबमध्ये प्रोटीनची चाचणी वेगळी आणि अल्ब्युमिनची वेगळी. दुसरी चाचणी फक्त माणसाचं अल्ब्युमिन ओळखते, कोंबडीचं तिला दिसत नाही. बाटलीत चमचाभर अंड्याचा पांढरा बलक पडला, तर रिपोर्ट अगदी विक्रमसारखा येईल.

क्षणभर रेणूला हसू फुटलं. विक्रमला काहीही झालेलं नव्हतं. दुसऱ्याच क्षणी ते हसू विरलं, कारण याचा अर्थ घरातल्याच कुणीतरी हे केलं होतं. आणि ही युक्ती त्या घरात नेली होती तिनंच.

महिन्याभरापूर्वी एका रविवारी, जेवताना, तिनं ऑफिसातल्या शिकवणीची एक गंमत सांगितली होती. एक पोरगा, त्याच्या लघवीत सारखं प्रोटीन, डॉक्टर हैराण. शेवटी कळलं की घरचंच कुणीतरी बाटलीत अंडं मिसळत होतं. "शिव शिव," म्हणून सुशीलाबाईंनी कानाला हात लावला होता आणि नामदेवराव खूप दिवसांनी हसले होते. विक्रम तेव्हा बेंगळुरूला गेला होता.

म्हणजे ती गोष्ट माहीत असलेली माणसं तीन. त्यातही बाटली लॅबमध्ये नेऊन देणारी एकच, ती स्वतः. अंडं खाणारी एकच, ती स्वतः. नवऱ्याच्या पोटावर सुरी चालू नये असं वाटणारी बायको म्हणून उद्या सगळं जग तिच्याकडेच बोट दाखवणार होतं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही, की पहिला रिपोर्ट आला त्या संध्याकाळी, अगदी क्षणभर, तिला हायसं वाटलं होतं. ते तिनं देवालासुद्धा सांगितलं नव्हतं.

घरी आली तेव्हा सुशीलाबाई देवासमोर बसल्या होत्या. वळून न बघता त्या म्हणाल्या, "बाटली दर वेळी तूच नेतीस ना गं?"

४

"मीच नेते," रेणू म्हणाली. "पण मी ती घेईपर्यंत दोन तास ती मागच्या गॅलरीत असते, आई. तुम्हीच ती फ्रिजमध्ये ठेवू दिली नाही."

हे खरं होतं. ज्या फ्रिजात देवाचं दही, त्यात ती बाटली ठेवायची कल्पनाही सुशीलाबाईंना सोसवत नव्हती. म्हणून स्टीलच्या डब्यात बर्फ घालून, त्यात बाटली ठेवून तो डबा गॅलरीत, कुंड्यांच्या ओळीत ठेवायचा, असा तोडगा निघाला होता. पहाटे साडेपाच ते साडेसात. कुणीही यावं आणि झाकण उघडावं.

सुशीलाबाईंचा आवाज एकदम फुटला. "तुला काय वाटतं, मला भीती नाही? एकीकडं कुंकू, एकीकडं लेकरू. देवापाशी मागावं तरी काय मागावं, सांग तू. रोज हात जोडते अन् गप बसते."

रेणूच्या मनात पाल चुकचुकली. आईचं काळीज. ज्या बाईनं अंड्याच्या टरफलाला हात लावल्यावर तीनदा हात धुतले, तिनंच ते सगळं नाटक म्हणून केलं असेल तर? टरफल स्वतः पुरायचं, स्वतःच काढायचं, आणि सुनेकडे बघायचं.

शनिवारी सकाळी तिनं विक्रमला गॅलरीत गाठलं. तो कठड्याला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"खरं सांगशील, विक्रम? तुला किडनी द्यायची आहे ना?"

तो खाली रस्त्याकडे बघत बोलला. "पहिला रिपोर्ट आला ना, तेव्हा एक मिनिट मला सुटल्यासारखं वाटलं. मग आप्पांकडं बघवेना. आता तर मलाच काय झालंय देव जाणे. सोमवारी त्या सुईची इतकी भीती वाटायलीय की झोप नाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू असं का विचारायलीस?"

त्याची भीती खोटी नव्हती. ज्यानं स्वतःच बाटलीत अंडं घातलंय तो सुईला भिऊन रात्री काढत नाही, सरळ कबूल करून मोकळा होतो. शिवाय अंड्याची गोष्ट त्यानं ऐकलीच नव्हती. रेणूनं त्याला यादीतून खोडलं.

राहिल्या सुशीलाबाई. तिनं तिसऱ्या बाटलीचा बुधवार आठवून पाहिला. सकाळी चहा कुणी केला होता? तिनंच. साखर जास्त पडली म्हणून सासरे हसले होते. चहा तिनं का केला? कारण सुशीलाबाई मंगळवारीच भालकीला, भावाच्या नातवाच्या बारशाला गेल्या होत्या आणि गुरुवारी परतल्या होत्या.

रेणूनं गॅलरीच्या लोखंडी गजाला घट्ट धरलं. तिसरी बाटली बिघडली त्या सकाळी घरात तीनच माणसं होती. विक्रम, ती, आणि...

५

आणि नामदेवराव. ज्यांचा जीव वाचवायचा त्यांच्यावर कोण संशय घेईल?

एकदा मान वळली की सगळं दिसायला लागतं. कुंड्या त्यांच्या होत्या. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस, टरफल कचऱ्यात टाकून बायकोच्या नजरेस पडू देण्यापेक्षा मातीत पुरणारच. शुक्रवारी त्यांना चक्कर आली म्हणून खुरपं सुशीलाबाईंच्या हाती गेलं, एवढंच. सकाळचं कोवळं ऊन खायला ते त्याच गॅलरीत, त्या डब्याशेजारी बसत.

पण एक अडचण होती. नामदेवराव माळकरी. डायलिसिसच्या डॉक्टरांनी अंड्याचा पांढरा भाग खा म्हणून बजावलं होतं, ताकद राहील म्हणून. त्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून नाही म्हटलं होतं. जीव गेला तरी चालेल म्हणाले होते. असा माणूस अंडं फोडेल?

रेणू देवघरापाशी गेली. देवाच्या फोटोच्या खिळ्याला ती माळ लटकत होती. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी ती काढली होती. मशीनच्या नळ्यांत अडकते म्हणाले होते, आणि घरच्यांनी मान डोलावली होती. पण मशीनच्या सुया त्यांच्या डाव्या हातात टोचतात. गळ्याचा आणि नळ्यांचा संबंधच नव्हता.

तिनं चपला घातल्या. खाली कोपऱ्यावर रफीकभाईंचं किराणा दुकान होतं.

"भाई, आप्पा इथून अंडं नेतात का?"

"हौ भाभी," रफीकभाई तराजू पुसत म्हणाले. "एकीच लेके जाते, डाक्टर बोले बोलके. मैं बोला डझन लेव आप्पासाब, सस्ता पड़ता. नक्को बोलते. कुर्ते की जेब में डालके चले जाते." मग त्यांनी मान वर केली. "तबीयत ज़्यादा खराब है क्या? माला नईं दिखती आजकल गले में."

त्याच दुपारी डायलिसिस सेंटरमध्ये नामदेवराव मशीनला जोडलेले होते. चार तास कुठं जाता यायचं नाही. भिंतीवरच्या टीव्हीत तेलुगू मालिका आवाज बंद करून चालली होती. रेणूनं स्टूल ओढलं आणि ती अगदी हळू बोलली.

"आप्पा, माळ का काढली?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. या पोरीला सगळं कळलंय हे त्यांना लगेच उमगलं, आणि त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही.

"अंड्याला हात लावायचा, तर गळ्यात माळ कशी ठेवू गं?"

रेणूचे डोळे भरून आले. ज्या हातानं ते लॅबला फसवत होते, त्याच हातानं त्यांनी आधी माळ उतरवून ठेवली होती. चोरी करायची, पण देवाला अंधारात ठेवून नाही.

"मी एकुणसत्तरचा," ते म्हणाले. "तो चौतीसचा. डॉक्टर म्हणतेत एका किडनीवर माणूस जगतो. जगत असंल. पण आम्ही जोडीतला एक बैल काढून दुसऱ्याला एकट्याला कधी औत ओढायला लावलं नाही."

"मग नको म्हणायचं होतं."

"म्हटलं की. तीनदा म्हटलं. आजारी माणसाचं नको ह्या घरात हट्ट ठरतं. मग तूच जेवताना ती गोष्ट सांगितलीस." ते थोडं हसले. "रिपोर्ट वाईट येईल, त्याला घरी पाठवतील, संपलं. त्याचं काय बिघडलं?"

त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. घाबरतील म्हणून सगळ्यांनी लपवलं होतं. रेणूनं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"आप्पा, डॉक्टरांना वाटतंय विक्रमला रक्ताचा कॅन्सर आहे. परवा सकाळी त्याच्या कमरेच्या हाडात सुई घालणार आहेत. तो रात्रभर झोपत नाही."

नामदेवरावांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचा मोकळा हात पलंगाची कड शोधायला लागला. मशीन किंचाळायला लागलं, दोन नर्स धावत आल्या, पाय उंच केले, कुणीतरी रेणूला बाजूला सारलं. दोन मिनिटं तिला वाटलं की सत्य सांगून तिनंच या माणसाला मारलं.

६

रक्तदाब परत आला. नर्स गेल्या. नामदेवराव छताकडे बघत म्हणाले, "तू कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग नको सांगू. पुढची बाटली चांगली जाऊ दे, सुई टळू दे. त्यानंतर मी काहीतरी करीन. रेणू, तुझाबी नवरा वाचतोय की."

तिच्या मनातलं नेमकं तेच त्यांनी बोलून दाखवलं होतं. हो म्हटलं असतं तर कुणाला कधीच कळलं नसतं. विक्रम धडधाकट राहिला असता, आणि पाच-सहा महिन्यांनी सगळे मिळून रडले असते.

"मलाही बरं वाटलं होतं, आप्पा," ती म्हणाली. "पहिला रिपोर्ट आला तेव्हा. विक्रमलाही वाटलं होतं. आईंना तर देवापाशी काय मागावं ते कळत नाही. आपण सगळे एकमेकांपासून लपून घाबरतोय." तिनं डोळे पुसले. "आमच्या कामात शंका आली की मनचं लिहायचं नसतं. ज्याला विचारायचं त्याला विचारायचं. किडनी नको असेल तर नको म्हणा. तुमचा हक्क आहे तो. पण त्याच्या तोंडावर म्हणा. त्याच्या बाटलीत नको."

नामदेवरावांनी डोळे मिटले. घरी येताना ते रिक्षाबाहेर बघत बसले. रविवारही काही न ठरताच गेला.

भाग्यलक्ष्मीला रेणूनं फोन करून एवढंच सांगितलं, की आधीच्या बाटल्यांत बाहेरचं काही पडलं असावं, सोमवारी पहाटेची ताजी आणते, ती तपासल्याशिवाय सुई घालू नका. "स्वच्छ निघाली तर सर थांबतील," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "पुन्हा तशीच निघाली तर नाही थांबणार."

सोमवारी साडेपाचला रेणूनं बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आणि डबा कुंड्यांच्या ओळीत ठेवला. तिथं उभं राहून राखण करता आली असती. पण राखण केली तर सासऱ्यांवर कायमचा पहारा बसला असता, आणि मग या घरात बोलण्यासारखं काही उरलं नसतं. ती आत जाऊन चहा ठेवून उभी राहिली. चहा उकळून वर आला, तिनं गॅस बारीक केला, पुन्हा वर आला. बाहेर डब्याचं झाकण वाजलं.

तिनं गॅस बंद केला. तशीच ती गॅलरीच्या दारापर्यंत गेली.

नामदेवराव पाठमोरे बसले होते. डबा त्यांच्या मांडीवर होता. झाकण उघडं होतं आणि त्यांचा हात आत होता. रेणू दारातच थांबली.

ते वळले. त्यांच्या हातात बर्फाचा चुरा होता, तो ते बाटलीभोवती दाबून बसवत होते. आणि गळ्यात तुळशीची माळ होती.

"विक्रमला हाक मार," ते म्हणाले. "हिलाबी बोलव."

त्यांनी सगळं सांगितलं, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. सुशीलाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. ऐकता ऐकता त्यांनी पदर तोंडाला लावला. मग रेणूकडे बघून दोन्ही हात जोडले, आणि रेणूनं पुढं होऊन ते हात खाली घेतले.

विक्रमनं डब्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"मला कॅन्सर नाही?" त्यानं विचारलं.

"नाही रे बाळा."

तो बापाच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग नाक पुसत म्हणाला, "आप्पा, हे काही दिवस मी मरायची भीती कशी असते ते बघितलंय. तुम्ही दीड वर्षं बघायलाव. आता ऑपरेशनची भीती वाटते, नाही असं नाही. तरी मला द्यायचीय. हे तुम्ही ऐकून घ्यायचं. नंतर नको म्हणायचं असेल तर डॉक्टरांसमोर म्हणा, मी तिथंच उभा राहीन."

 नामदेवरावांनी डब्याचं झाकण लावलं, दोनदा दाबून पाहिलं आणि ते उठले.

"बर्फ वितळायलंय," ते म्हणाले. "चला. डॉक्टरला अंड्याचं मी सांगतो. किडनीचंबी मीच बोलतो, ह्याच्यासमोर."

त्या दिवशी बाटली रेणूनं नेली नाही. डबा नामदेवरावांनी पोटाशी धरला होता. विक्रम त्यांचा उजवा दंड धरून एकेक पायरी उतरवत होता, आणि मागून सुशीलाबाई, हळू हो, हळू, असं दोघांनाही म्हणत होत्या.